परगावचे पहिले सत्र : विद्यार्थ्यांचे एकाकीपण आणि आपलेपणाची जडणघडण

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाचे सोपस्कार आटोपतात आणि सत्तरी, खानापूर किंवा चंदगड यांसारख्या तालुक्यातील एखादे मूल सामान बांधून कदंबाच्या अथवा एस.टी.च्या गाडीत चढते. मोठे काम पार पडले, असे त्या क्षणी घरच्या मंडळींना वाटते. शुल्क भरले, राहण्याची सोय झाली, आता अभ्यास करणे तेवढे मुलाकडे उरले. वस्तुतः खरी कसोटी तेव्हाच सुरू होत असते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुष्कळ विद्यार्थ्यांना अभ्यासाच्या काठिण्यापेक्षा निराळीच गोष्ट जड जाते. वर्गात शे-सव्वाशे मुले असतात, वसतिगृहात खोलीला खोली लागलेली असते, भोजनगृहात गर्दी मावत नाही. तरीही 'आपण यांच्यातले नव्हे' ही भावना मनातून हटत नाही. मूल घरी काही बोलत नाही, कारण घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन पाठविले आहे याची त्याला जाणीव असते. प्राध्यापकांकडे बोलत नाही, कारण ते ओळखीचे नसतात. परिणामी ही व्यथा बहुधा सत्रान्त परीक्षेच्या निकालातूनच, तीही चुकीच्या नावाने, उघडकीस येते. 'मुलगा अभ्यासात कच्चा पडला' असे तिला म्हटले जाते.

मराठी भाषेने या बाबतीत एक मोलाचा भेद पूर्वीपासून जपला आहे. एकांत निराळा आणि एकाकीपणा निराळा. एकांत माणूस स्वतः शोधतो, अभ्यासासाठी, चिंतनासाठी, कधी नुसत्या विसाव्यासाठी. एकाकीपणा मात्र माणसावर येऊन कोसळतो. म्हणून जो विद्यार्थी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एकटा बसून वाचतो तो दुःखी असेलच असे नाही, आणि दहा जणांच्या घोळक्यात हसणारा सुखी असेलच असेही नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एकाकीपणाचे दोन प्रकार मानले आहेत. जिवाभावाचे एकही माणूस नसणे हा एक, आणि ज्यांच्यात आपली गणना होईल असा चार माणसांचा मेळ नसणे हा दुसरा. पहिल्याची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. परगावी गेलेल्या मुलाच्या वाट्याला हे दोन्ही एकाच वेळी येतात. आई, भावंडे आणि जिवलग मित्र मागे राहतात; शिवाय वाडा, भजनी मंडळ, क्रिकेटचा संघ, देवळातील उत्सवातले आपले ठरलेले काम, हेही सुटते. गावात त्याला 'अमक्याचा मुलगा' म्हणून ओळख असते. विद्यापीठात त्याच्याजवळ फक्त एक हजेरी क्रमांक असतो.

वारापासून वसतिगृहापर्यंत

घर सोडून शिकणे मराठी समाजाला नवे नाही. जुन्या काळी गरीब विद्यार्थी शहरात 'वार लावून' जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार भरले की त्याच्या पोटाची सोय होई. या पद्धतीत उपकाराचे ओझे होते, कधी अपमानही होता, आणि जातीची कुंपणे तर पक्की होती. परंतु आठवड्यातून सात घरांचे उंबरे तो ओलांडत असे, आणि एखाद्या वारी तो आला नाही तर कोठल्या तरी घरी 'आज आला कसा नाही?' असा प्रश्न निघे. आजच्या सुसज्ज वसतिगृहात मूल दोन दिवस जेवायला आले नाही तरी कित्येकदा कोणाच्या लक्षात येत नाही. सोय वाढली, तशी विचारपूस वाढली नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यांनी वसतिगृहांची चळवळ उभी केली त्यांना ही गोष्ट पुरती उमगलेली होती. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करविले आणि पुढे निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभारली. अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या काळी खेड्यातील बहुजन मुलाला शहरात पाठ टेकायलाही जागा नव्हती. तेव्हा आपल्या समाजाचे छत्र मिळणे हाच पहिला आधार होता. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी पुढचे पाऊल टाकले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केल्यावर १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले, आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. तेथे मुलेच स्वयंपाकाला हात लावीत, पाणी भरीत, शेतात राबत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने या मुलांच्या पोटासाठी मोडले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. पुण्यातील विद्यार्थी साहाय्यक समितीनेही १९५५ पासून, डॉ. अच्युतराव आपटे यांच्या प्रेरणेने, ग्रामीण विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत स्वावलंबन आणि 'कमवा व शिका' याच गोष्टींवर भर दिला.

या उदाहरणांकडे सामान्यतः काटकसरीची उदाहरणे म्हणून पाहिले जाते. त्यांचे खरे मर्म मात्र निराळे आहे. ज्या घरात आपण भाकरी भाजली, ज्या अंगणात झाडलोट केली, ते घर परके राहत नाही. केवळ पाहुणा म्हणून वाढलेले ताट पोट भरते. पण ज्याच्यावाचून उद्याची पंगत अडेल, त्यालाच आपण येथले आहोत असे वाटते. आजच्या विद्यापीठांनी वसतिगृहातील सारी कामे कंत्राटदाराकडे सोपविली आहेत. ती परत मुलांवर लादावीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु भोजन समिती, ग्रंथालयाची संध्याकाळची व्यवस्था, बागेची देखभाल, आजारी सोबत्याला दवाखान्यात नेण्याची पाळी, अशा काही जबाबदाऱ्या नवागतांकडे पहिल्या महिन्यातच द्याव्यात. त्या वरच्या वर्गातील जुन्याजाणत्यांनाच देण्याची प्रथा आहे. ती उलट करणे हिताचे ठरेल.

बोलीचा अडसर

महाराष्ट्राच्या सीमेबाहेरील मराठी मुलांना आणखी एक गोष्ट सोसावी लागते. १९६१ पर्यंत गोव्यात सर्वसाधारण पदवी शिक्षणाची सोय नव्हती. बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई येथे जाण्यावाचून गत्यंतर नसे. १९६२ मध्ये पणजीत धेंपे व मडगावात चौगुले महाविद्यालय निघाले, आणि १९८५ पासून गोवा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. मराठवाड्याची मुले एके काळी हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकली. १९५८ मध्ये औरंगाबादेस विद्यापीठ झाल्यावर तो फेरा चुकला. अंतर कमी झाले तरी भाषेचे अंतर उरलेच. बेळगावकडील मराठीला कानडी वळण आहे, इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठीला हिंदीचे, हैदराबादकडील मराठीला दखनीचे, गोमंतकीय मराठीला कोंकणीचे. अशी मुले पुण्या-मुंबईच्या वर्गात तोंड उघडतात तेव्हा मागच्या बाकावरून खसखस पिकते. हसणाऱ्याच्या मनात फारसे काही नसते; पण ज्याच्यावर हसू झाले ते मूल त्यानंतर महिनाभर वर्गात प्रश्न विचारत नाही. उलट बाजूनेही तेच घडते. मराठी माध्यमातून आलेली मुलगी जेथे व्याख्यान इंग्रजीत, भोजनगृहात हिंदी आणि बाजारात कानडी चालते अशा ठिकाणी जाते, तेव्हा दिवसभरात तिला आपल्या भाषेत एक वाक्यही बोलायला मिळत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. पहिल्या सत्रात तोंडी प्रश्न विचारताना शिक्षकाने उच्चारावर किंवा बोलीवर टिप्पणी करू नये, आणि दुसऱ्याला करू देऊ नये. शंका मातृभाषेत विचारण्याची मोकळीक द्यावी. मराठी वाङ्मय मंडळे आज बहुतेक ठिकाणी वर्षातून एक काव्यवाचन आणि एक स्पर्धा एवढ्यावर येऊन ठेपली आहेत. त्यांनी दर आठवड्याला एक तास, कार्यक्रमपत्रिका, हार-तुरे आणि प्रमुख पाहुणे यांवाचून, केवळ गप्पांसाठी दार उघडे ठेवले तर त्याचा उपयोग अधिक होईल. बडोदा, इंदूर, हैदराबाद येथील जुन्या मराठी संस्थांची वाचनालये आणि मंडळे अजून नांदती आहेत. त्यांच्या सभासदांची सरासरी वयोमर्यादा पाहता, त्यांनाही या तरुण मंडळींची गरज कमी नाही.

एक प्रयोग आणि त्याची मर्यादा

'मीच एकटा येथे बसत नाही' या समजुतीचा अभ्यासावर नेमका काय परिणाम होतो, याचा शास्त्रीय शोध ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी घेतला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. एका नामवंत महाविद्यालयातील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांचे अनुभव वाचावयास दिले. पहिल्या वर्षी आपणांसही परके वाटले, प्राध्यापक आपणांस कमी लेखतात असे वाटले, परंतु कालांतराने ते गेले, असा त्या अनुभवांचा आशय होता. मग नवागतांनी स्वतःच्या अनुभवाशी ते ताडून पाहून एक निबंध लिहावयाचा आणि पुढील वर्षी येणाऱ्या मुलांसाठी तो बोलून दाखवावयाचा. सारे काम सुमारे तासाभराचे. त्यानंतर तीन वर्षे पाहणी करता, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढत गेले आणि त्यांच्या व गौरवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांतील तफावत निम्म्यावर आली. त्यांचे आरोग्यही सुधारल्याचे त्यांनी सांगितले. गौरवर्णीय विद्यार्थ्यांत मात्र फारसा फरक पडला नाही. ज्यांना आपल्या तेथे असण्याविषयी मुळात शंका नव्हती, त्यांना या औषधाची गरज नव्हती, असाच याचा अर्थ.

या तासाभराच्या कामाची किमया कशात आहे? परक्या ठिकाणी घडणाऱ्या लहानसहान गोष्टींचा अर्थ मूल कसा लावते, यात. शेजारच्याने जेवायला हाक मारली नाही, गुरुजींनी वहीवर लाल शेरा मारला, एखादा तास कळला नाही. यांपैकी प्रत्येक गोष्ट 'मी येथला नव्हे' याचा पुरावा ठरू शकते, किंवा 'पहिल्या वर्षी सर्वांचेच असे होते' एवढाच तिचा अर्थ होऊ शकतो. पहिला अर्थ लावणारे मूल माघार घेते. माघार घेतल्यामुळे ओळखी होत नाहीत. ओळखी न झाल्यामुळे पहिला अर्थ खरा ठरतो. हे चक्र आरंभीच तोडावयाचे असते.

तथापि, याच प्रयोगाचे मोठे रूप २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याने एक मर्यादा स्पष्ट केली. २२ शिक्षणसंस्थांतील २६,९११ विद्यार्थ्यांवर तो झाला. ज्या संस्थांत त्या-त्या गटाच्या विद्यार्थ्यांना सामावून घेण्याची संधी प्रत्यक्षात होती तेथेच त्याचा लाभ दिसला. जेथे ती नव्हती तेथे चांगले बोल वाया गेले. बी चांगले असून भागत नाही, वाफसा लागतो, हे शेतकऱ्याला सांगावयास नको.

हा मुद्दा अधिकारी वर्गाने विशेषत्वाने ध्यानी घ्यावयास हवा. परकेपणा हा नेहमीच मुलाच्या मनाचा खेळ असतो असे नाही. कधी दार खरोखरच बंद असते. १९१७ साली कोलंबिया व लंडन येथील शिक्षणानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर विदेशात शिकलेल्या या पंडिताला त्या शहरात राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ते राहिले, आणि ओळख उघड होताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. राज्यकर्ता अनुकूल, पण शहर प्रतिकूल. अशा वेळी 'मन घट्ट कर' हा उपदेश निव्वळ क्रूर ठरतो. आजही जात, धर्म किंवा प्रांत विचारून भाड्याची खोली नाकारणारे घरमालक आहेत, आणि आडनावावरून खोलीसोबती बदलून मागणारे विद्यार्थीही. अधीक्षकांनी अशी मागणी मान्य करू नये. पहिल्या वर्षी खोल्यांचे वाटप चिठ्ठ्या टाकून करावे आणि निदान एक सत्र त्यात फेरफार करू नये.

पैसा, कागद आणि एकटेपण

एका गोष्टीची चर्चा मानसशास्त्राच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर आली नाही की भोजनगृहाचे देणे थकते. देणे थकले की मूल व्यवस्थापकाची नजर चुकवू लागते. मग सर्वांच्या आधी किंवा सर्वांच्या नंतर जेवते. पुढे एक वेळ जेवणेच टाळते. मित्र चहाला बोलावतात तेव्हा 'अभ्यास आहे' असे सांगते, कारण आज त्यांनी चहा पाजला तर उद्या आपल्याला पाजावा लागेल. असे दोन महिने गेले की बोलावणी बंद होतात. बाहेरून पाहणाऱ्यास तो विद्यार्थी अबोल, एकलकोंडा वाटतो. मुळात त्याचा स्वभाव तसा नसतो. त्याचा अर्ज कोणत्या तरी टेबलावर एका त्रुटीसाठी पडून असतो. वसतिगृहाची प्रवेशयादी सत्र सुरू झाल्यानंतर कित्येक आठवड्यांनी लागते तेव्हाही हेच होते. तोवर सोबत्यांचे गट जमून गेलेले असतात आणि उशिरा आलेले मूल कायमचे उशिरा आलेलेच राहते. तेव्हा ज्या कर्मचाऱ्याच्या हाती असे अर्ज असतील त्याने ते जुलैत निकालात काढणे आणि सप्टेंबरात निकालात काढणे यांत केवळ दोन महिन्यांचा फरक आहे असे समजू नये.

एकत्र श्रमाची संधी

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला १२० तासांचे काम आणि दत्तक गावातील सात दिवसांचे निवासी शिबिर असे तिचे स्वरूप आहे. गावाची सेवा हा तिचा घोषित हेतू; पण त्या सात दिवसांत मुलांचीही मोठी सेवा घडते, हे शिबिरे घेणाऱ्या शिक्षकांना ठाऊक आहे. शाळेच्या वर्गखोलीत सतरंज्या टाकून शेजारी झोपणे, बंधाऱ्यासाठी दगडांची साखळी लावणे, रात्री शेकोटीपाशी ज्याला जे येते ते गाणे. येथे खेड्यातल्या मुलाची बाजू प्रथमच वरचढ असते. फावडे कसे धरावे हे शहरातल्या मुलांना तो शिकवतो. वर्गात दबून गेलेले मूल शिबिरानंतर ताठ बसू लागते, ते यामुळे. ही शिबिरे बहुधा दुसऱ्या सत्रात होतात. नवागतांसाठी निदान एक दिवसाचे श्रमदान पहिल्याच महिन्यात ठेवावे. ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत अशी शिबिरे होतात त्यांनी मुलांना सत्काराच्या खुर्च्यांवर न बसवता घराघरांत जेवावयास वाटून घ्यावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' नावाने नवागतांच्या स्वागताची मार्गदर्शिका काढली, तिचाही रोख हाच आहे. प्रत्यक्षात काही ठिकाणी तो कार्यक्रम सभागृहातील तीन भाषणांत उरकला जातो. नवागतांची लहान लहान तुकड्यांत विभागणी करून प्रत्येक तुकडीला एक शिक्षक आणि वरच्या वर्गातील एक विद्यार्थी जोडून देणे, हा त्यातील खरा गाभा, भाषणे नव्हेत. शिक्षकाने मुलाचे नाव, गाव आणि ते कोणाबरोबर जेवते, एवढे पहिल्या पंधरवड्यात जाणून घ्यावे. वरच्या वर्गातील विद्यार्थी निवडताना पहिला क्रमांक मिळविणारा निवडू नये. ज्याला पहिल्या वर्षी चाचपडावे लागले आणि जो त्यातून सावरला, तो या कामास अधिक योग्य.

'ओळख परेड'च्या नावाखाली चालणाऱ्या छळाला मात्र या स्वागतात थारा नाही. आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार रॅगिंग हा दंडनीय प्रकार आहे. त्याविरुद्धच्या प्रतिज्ञापत्रावर पालकांचीही सही घेतली जाते. ते न वाचता सही करण्याचा कागद नव्हे. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा विनाशुल्क क्रमांक आहे.

घर आणि गाव

पूर्वी आठवड्याला एक पोस्टकार्ड जाई. आता दिवसातून चार वेळा दूरध्वनी होतो. यात लाभ आहे तशी हानीही आहे. प्रत्येक संध्याकाळ घरच्यांशी बोलण्यात गेली तर शेजारच्या खोलीतील मुलाशी बोलावयाचे राहून जाते. बोलण्याची एक ठरलेली वेळ असावी. 'गुण किती पडले?' या प्रश्नाने संभाषणाची सुरुवात करू नये. 'आज कोणाबरोबर जेवलास?' हा प्रश्न अधिक सांगून जातो. मूल पहिल्या चवथीला किंवा दिवाळीला घरी येते तेव्हा चारचौघांत त्याच्या नव्या बोलण्याची, पेहरावाची थट्टा करू नये. तेथे ते गावंढळ ठरले आणि येथे शहरी, तर त्याने जावे कोठे? सणाला जे मूल घरी जाऊच शकत नाही, त्याला स्थानिक शिक्षकांनी किंवा वर्गमित्रांच्या कुटुंबांनी आग्रहाने घरी न्यावे.

गावातून पूर्वी त्या शहरात शिकून गेलेले किंवा तेथे नोकरीला असलेले कोणी असेलच. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी अशा माजी विद्यार्थ्यांची नोंदवही ठेवावी आणि जूनमध्ये जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती त्यांपैकी एकाच्या नावे, त्याच्या संमतीने, चिठ्ठी द्यावी.

गंभीर लक्षणे

बहुतेकांचे एकाकीपण सत्राअखेर ओसरते. काहींचे ओसरत नाही, आणि तेथे केवळ सहानुभूती पुरेशी होत नाही. मूल सतत तास चुकवू लागले, दिवसा झोपून रात्री जागू लागले, जेवण तुटले, अंघोळ व कपड्यांची आबाळ होऊ लागली, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले किंवा 'मी नसतो तर बरे' अशा अर्थाचे बोलू लागले, तर ते थट्टेवारी नेऊ नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. अशा मुलाला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो हा समज चुकीचा आहे. विचारल्याने बहुधा भार हलका होतो. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असणे आवश्यक आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संधान बांधावयाचे आहे.

समुपदेशकाची खोली कोठे असावी, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. ती प्राचार्यांच्या कार्यालयाशेजारी, सर्वांच्या नजरेसमोर असली तर तेथे कोणी पाऊल टाकत नाही. ग्रंथालयाच्या इमारतीत, वाचनकक्षाच्या वाटेवर असेल तर जाणारा पुस्तक आणावयास निघाला आहे, असेच पाहणाऱ्याला वाटते. तिची वेळ तासांच्या वेळेत न ठेवता संध्याकाळी पाच ते आठ ठेवावी, आणि रविवारी ती बंद नसावी. वसतिगृहात रविवारची संध्याकाळ सर्वांत लांब असते.